मोड आणि मांडणी

वापरातून उतरलेली ताटे, बशा, वाट्या, तबके, पेले आणि झाकण्या यांना बैठक देऊन, एकमेकांशी जोडून किंवा त्यांचे काम बदलून त्यांपासून पाहुण्यांपुढे मांडता येतील अशी देखणी वाढपाची भांडी तयार करणे, हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे. वरवर पाहता तो फावल्या वेळच्या हस्तव्यवसायांत जमा होईल आणि एका अर्थाने तो तसा आहेही. परंतु त्याच्या बुडाशी एक जुना व्यावहारिक प्रश्न आहे, तो असा की, भांडे जुने झाले म्हणजे त्यात मोल कशाचे उरते, द्रव्याचे की आकाराचे. धातूच्या भांड्यांपुरता मराठी घराने या प्रश्नाचा निकाल पिढ्यान्‌पिढ्या द्रव्याच्या बाजूने लावला, आणि चिनी मातीच्या भांड्यांबाबत तो प्रश्न कोणी विचारलाच नाही, कारण फुटक्या कपबशीला मोड नसते.

मोड म्हणजे गळक्या, पोचे आलेल्या किंवा फुटलेल्या भांड्याचा केवळ वजनावर विकला जाणारा धातू. कासाराच्या किंवा तांबटाच्या दुकानात नवे पातेले घेताना जुने तागडीत टाकायचे, मोडीचा भाव नव्याच्या किमतीतून वळता करून घ्यायचा आणि वरचे पैसे चुकते करायचे, असा हा व्यवहार होता, आणि 'मोडीत काढणे' हा वाक्प्रचार आजही त्याची खूण बाळगून आहे. या व्यवहारात नासधूस नव्हती. तांबे १०८५ अंश सेल्सियसला आणि पितळ त्याच्याही खाली वितळते, त्यामुळे आजीच्या हंड्याचा धातू नातीच्या घागरीत पुन्हा येऊ शके आणि बाजारात काहीच वाया जात नसे. मात्र भट्टीला आकार कळत नाही. तडकलेले तपेले आणि साखळीला मोर असलेला लामणदिवा हे दोन्ही तिच्या लेखी सारखेच, आणि म्हणून पुनर्वापराची ही शिस्तबद्ध परंपरा धातू राखण्यात जेवढी काटेकोर होती तेवढीच घडण राखण्यात बेफिकीर राहिली.

या बेफिकिरीला एक अपवाद होता, आणि तो भांड्याच्या अंगावरच कोरलेला सापडतो. लग्नामुंजीत आहेर म्हणून दिल्या जाणाऱ्या भांड्यावर नाव घालून घेण्याची पद्धत महाराष्ट्रात घरोघर होती. दुकानदार बारीक छिन्नीने, पुढे विजेच्या सुईने, ठिपक्याला ठिपका जोडून काठाखाली अक्षरे काढी. एखादे जुने फुलपात्र उजेडात तिरपे धरले तर ही अक्षरे दिसतात: देणाऱ्याचे नाव, 'यांजकडून' हा शब्द, मग तारीख, आणि गोलाईवर जागा पुरेनाशी झाली म्हणजे शेवटची दोन अक्षरे एकमेकांच्या अंगावर चढलेली. घासून घासून ठिपके बुजत जातात, तरी नखाला लागतात. असे भांडे मोडीत घालताना घरातील बाईचा हात थांबत असे, आणि हा थांबलेला हातच या पुस्तकाच्या विषयाचा खरा आरंभबिंदू मानावा लागतो, कारण धातूच्या भावापलीकडे भांड्यात काही आहे, हे तिने तेथे मान्य केलेले असते.

पितळेच्या जागी स्टेनलेस स्टील आले तेव्हा या व्यवहाराचे गणित बदलले. स्टीलला कल्हई लागत नव्हती, त्यात ताक-आमटी कळकत नव्हती, चिंच लावून घासण्याची मेहनत वाचत होती, आणि बोहारीण दारात बसून जुन्या पातळांच्या बदल्यात स्टीलचे डबे देऊन जात होती. एवढ्या सोयींपुढे पितळेचा टिकाव लागणे शक्यच नव्हते. घंगाळी, बंब, पराती, कासंड्या काही मोडीत गेल्या आणि काही माळ्यावर. जी माळ्यावर राहिली तीच आज मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्यात बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात वजनापेक्षा चढ्या भावाने विकली जातात. म्हणजे जो निकाल पूर्वी द्रव्याच्या बाजूने लागला होता तो बाजारानेच फिरवला आहे. हा बदल हौशी श्रीमंतांपुरता आहे असा आक्षेप घेतला जातो आणि तो अगदीच खोटा नाही, परंतु बाजारातील वस्तू हौसेने विकत घेणे आणि घरातील वस्तू कामाला लावणे यांत फरक आहे, आणि या पुस्तकाचा रोख दुसऱ्या गोष्टीवर आहे.

या कामाला इंग्रजीत अपसायकलिंग म्हणतात. रायनर पिल्झ या जर्मन अभियंत्याने १९९४ मध्ये, जुन्या इमारतींच्या सामानाला वाहिलेल्या 'साल्व्हो' या ब्रिटिश नियतकालिकाशी बोलताना, पुनर्चक्रणाच्या नावाखाली धड विटाही फोडून त्यांची खडी केली जाते, म्हणजे वस्तूचा दर्जा उतरवला जातो, अशी तक्रार केली आणि त्याच्या उलट दिशेने जाणाऱ्या कामासाठी हा शब्द वापरला. तेव्हापासून तो रूढ झाला. मराठीत त्याला सर्वमान्य प्रतिशब्द नाही. 'पुनर्चक्रण' या शब्दात वितळवणे, दळणे, लगदा करणे हे सगळे येते, म्हणून या पुस्तकात 'नवघडण' हा शब्द योजला आहे आणि त्याचा अर्थ असा धरला आहे: द्रव्य न मोडता, मूळ आकार ओळखू येईल अशा रीतीने, वस्तूला नवे काम आणि अधिक मान मिळवून देणे.

नाव नवे असले तरी काम जुने आहे. चीनमधील जिंगदेझेन येथे इ. स. १३०० नंतरच्या काही दशकांत घडलेली एक फिकट निळसर पोर्सलेनची सुरई चौदाव्या शतकातच युरोपात पोहोचली, आणि तेथील सोनारांनी तिला सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीची बैठक, तोटी, मूठ व झाकण बसवून तिची झारी केली. पोर्सलेन म्हणजे शुभ्र चिनी मातीचे, सुमारे १३०० अंशांच्या पुढे भाजून काचेसारखे एकजीव झालेले पात्र. ते युरोपात तेव्हा कोणालाच करता येत नव्हते, म्हणून त्याला दागिन्यासारखे मढवले जाई. ही वस्तू आज फॉन्टहिल सुरई या नावाने डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, पण तिच्यावरचा तो सगळा साज केव्हाच काढून घेतला गेला. तो कसा होता हे अठराव्या शतकात काढून ठेवलेल्या चित्रावरून कळते. मौल्यवान म्हणून जो धातू चढवला तो गेला आणि ज्याला मोड नाही ती माती मात्र सातशे वर्षे टिकून राहिली, ही गोष्ट या विषयाच्या अभ्यासकाने विसरू नये.

याच पद्धतीची, १५८५ च्या सुमारास इंग्लंडमध्ये चांदीने मढवलेली चिनी पात्रे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. भारताचा संबंध येतो तो गुजरातच्या शिंपकामातून. शिंपल्याच्या आतील चमकदार थराचे तुकडे जडवून गुजरातेत केलेल्या थाळ्या आणि सुरया पोर्तुगीज व्यापारामार्फत सोळाव्या शतकात युरोपात गेल्या, तेथे जर्मन सोनारांनी त्यांना चांदीच्या कडा आणि पाय बसवले, आणि त्यांपैकी काही ड्रेस्डेनच्या राजसंग्रहात आजही पाहायला मिळतात. जपानची वाट निराळी. तेथे पंधराव्या शतकातील अधिपती आशिकागा योशिमासा याच्याकडील चिरा गेलेले एक हिरवट चिनी चहापात्र बदलून मिळावे म्हणून चीनला पाठवले गेले, तसे दुसरे मिळाले नाही म्हणून धातूचे टाके घालून ते परत आले, आणि ते टाके टोळासारखे दिसतात म्हणून पात्राचे नावच टोळावरून पडले, अशी परंपरागत हकिकत आहे. टोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात ते पात्र आहे. झाडाच्या चिकात सोन्याची पूड मिसळून तडे सांधण्याची किंत्सुगी ही कला अलीकडे भारतातही चर्चेत असते. तिचे तत्त्वज्ञान फार सांगितले जाते. ते शिकायला लागणारी वर्षे सहसा सांगितली जात नाहीत.

मराठी घरात नवघडणीसाठी सर्वांत सहज हाती येणारी वस्तू म्हणजे बशी. कपबशीच्या जोडात आधी कप जातो, बहुधा कानापाशी तुटून, आणि बशी मागे राहते. त्यामुळे जुन्या संसारात पाच-सात बिनकपाच्या, निरनिराळ्या नक्षीच्या बशा सापडतातच. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी चहापानाच्या टेबलावर रुळलेले दोन-तीन मजली तबक, ज्याला केक स्टँड म्हणतात, ते अशा बेवारस बशांतून उभे करता येते: खाली जेवणाचे मोठे ताट, मध्ये नाश्त्याची ताटली, वर बशी, आणि तिघांच्या मधोमध एक सळई. दिवाळीत त्याच्या खालच्या मजल्यावर चकल्या-करंज्या, मधल्यावर शंकरपाळे आणि वर मोजके लाडू असे मांडता येतात, आणि फराळाचा चिवडा मात्र त्यात कधी मांडू नये, कारण तो वाढताना निम्मा खालच्या मजल्यांवर पडतो.

या सळईसाठी बशीला भोक पाडावे लागते, आणि सगळे कौशल्य त्या एका भोकात आहे. बशीच्या बुडाला असलेली उभट कडी वर्तुळ असल्याने तिच्यावरून केंद्र काढता येते. तेथे चिकटपट्टी लावून खूण केली म्हणजे हत्यार निसटत नाही. पोलादी टोकाचे साधे हत्यार पोर्सलेनवर बोथट होते, म्हणून हिऱ्याची पूड बसवलेले, सहा ते आठ मिलिमीटरचे नळीसारखे टोक वापरायचे, ड्रिल यंत्राची ठोकण्याची सोय बंद ठेवायची आणि गती कमी ठेवायची. परातीत बोटभर पाणी घेऊन त्यात ओल्या स्पंजावर बशी उताणी ठेवली की टोक गार राहते आणि पांढरी भुकटी हवेत उडत नाही; यंत्राची वायर व जोडणी मात्र पाण्यापासून दूर हवी. टोक आत जात असताना हाताने जोर द्यायचा नसतो. शेवटच्या मिलिमीटरला तर हात जवळजवळ उचलून धरायचा, कारण पलीकडच्या बाजूची झिलई, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर, तेथेच टवका होऊन उडतो. भोक वरून खाली पाडायचे ते यासाठीच, की टवका उडालाच तर तो बुडाशी उडावा. मग आटे पाडलेली सळई, प्रत्येक धातूच्या चकतीखाली रबरी वॉशर, आणि चाकी बोटांनी पिळता येईल एवढीच घट्ट; पान्याने आवळलेली बशी त्याच दिवशी फुटत नाही, ती आठवड्याने, कोणी हात लावलेला नसताना फुटते.

सर्व ताटल्या हा उपचार सहन करत नाहीत. मातीची, कमी आचेवर भाजलेली भांडी मऊ असतात आणि लवकर भोक घेतात, पण भोकाच्या उघड्या कडेतून पाणी पितात. दगडी भांडे, म्हणजे लोणच्याच्या बरणीच्या जातीचे, चिवट असते. आज घरोघर असलेली, मुद्दाम तापवून-गार करून कडक केलेली दुधी काचेची ताटली मात्र टोक लागताच सर्वांगाने फुटून तिचा चुरा होतो, आणि तो डोळ्यांत जाण्याइतका वेगाने उडतो. तिला भोक पाडण्याचा विचारही करू नये. मेलामाइनविषयी येथे काहीच सांगितलेले नाही, कारण ते राखून ठेवण्याजोगे द्रव्य आहे असे लेखकाला वाटत नाही.

भोक नको असेल तर बैठक. मराठीत ताट किंवा शंख ठेवण्याच्या तिपाईला अडणी असा शब्द आहे, आणि जुन्या घरांत पितळेच्या अडण्या सापडतात. त्यांवर मध्यम आकाराचे चिनी मातीचे ताट नुसते टेकवले की कोणताही डिंक, भोक वा सळई न वापरता उंच पायाचे तबक तयार होते, आणि जेवण आटोपल्यावर दोन्ही वस्तू आपापल्या जागी परत जातात. या पुस्तकातील सर्वांत चांगली नवघडण हीच, असे म्हणायला हरकत नाही. याउलट उपडा पेला किंवा मेणबत्तीची बैठक ताटाखाली चिकटवण्याचा सोपा मार्ग फसवा आहे. नेहमीचा इपॉक्सी डिंक ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो, त्यामुळे गरम पदार्थ किंवा कढत पाणी लागले की सांधा ढिला होतो, आणि ज्या सांध्यात बोट जात नाही तेथे तूप-बेसन बसून वास धरते.

यातूनच या पुस्तकाची मुख्य कसोटी निघते: नवघडणीनंतरही भांडे भांडे राहिले पाहिजे, म्हणजे त्यात खाण्याची वस्तू निर्धास्तपणे ठेवता आली पाहिजे. नेकचंद यांनी चंदीगडला उभारलेल्या आणि १९७६ मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या रॉक गार्डनमध्ये फुटक्या क्रोकरीचे आणि बांगड्यांचे तुकडे लावून केलेल्या मूर्ती थोर आहेत, परंतु तेथे बशीचे बशीपण संपलेले असते, म्हणून त्या वाटेचा विचार येथे केलेला नाही.

धातूच्या बाबतीत ही कसोटी कल्हईपाशी येऊन थांबते. तांब्या-पितळेत आंबट पदार्थ ठेवला की धातू त्यात उतरतो, चव बिघडते आणि पदार्थ हिरवट होतो; यालाच कळकणे म्हणतात, आणि पोटाला ते बाधते. कल्हईवाला भांडे कोळशावर तापवतो, त्यात नवसागर टाकतो, त्याचा पांढरा धूर निघताना धातूवरचा मळ सुटतो, आणि लगेच कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने ते आतून सर्वत्र फिरवतो. कथील २३२ अंशांनाच वितळते, म्हणून हे काम क्षणात होते आणि आतली बाजू चांदीसारखी दिसू लागते. तो थर झिजतो, तेव्हा कल्हई पुन्हा पुन्हा करावी लागते. जेथे कल्हईवाला मिळत नाही तेथे पितळी तबक पानसुपारी, सुका मेवा आणि सालासकट फळे यांपुरते ठेवावे, किंवा त्यात काचेच्या वाट्या बसवाव्यात. तळपायाला तेल-तूप लावून घासण्याची काशाची वाटी घरोघर परिचित आहे. कांस्य म्हणजे साधारण ७८ भाग तांबे आणि २२ भाग कथील, आणि त्याची ताटे बिनकल्हईची वापरण्याची चाल होती, तरी दही-लोणचे त्यातही ठेवत नसत. शोभेच्या पितळेवर चमक टिकावी म्हणून बाजारात जो पारदर्शक लाखेसारखा थर देतात तो खाण्याच्या बाजूला असता कामा नये.

चिनी मातीत आणि काचेत धोका शिशाचा. जुन्या झिलईत आणि झिलईवर रंगवलेल्या नक्षीत शिसे असू शकते आणि ते आंबट पदार्थात उतरते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या चाचणीत ४ टक्के ॲसिटिक आम्ल भांड्यात २४ तास ठेवून ते मोजले जाते आणि उथळ ताटल्यांसाठी मिलिलिटरमागे ३ मायक्रोग्रॅम ही मर्यादा धरली जाते. घरी अशी चाचणी करणे अवघड असल्याने, नक्षी बोटाला खरखरीत लागत असेल, झिलईला जाळीदार तडे असतील किंवा रंग फिका पडून उतरत असेल, तर ती बशी वरच्या मजल्यावर कागदात गुंडाळलेल्या गोळ्या किंवा फुले ठेवायला द्यावी. युरोपीय नियमांप्रमाणे ज्या काचेला लेड क्रिस्टल म्हणवून घेता येते तिच्यात किमान २४ टक्के शिशाचे ऑक्साइड असते. अशा पेल्यात सरबत वाढून प्यायला हरकत नाही, साठवून ठेवायला आहे.

काही भांड्यांना हातच लावू नये. दिनकर केळकर, जे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत, त्यांनी लोक अडगळ म्हणून टाकत होते ती अडकित्ते, दिवे, भांडी आयुष्यभर गोळा केली, आणि १९७५ मध्ये तो संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला. आपल्या राजा या मुलाच्या नावाने त्यांनी उभारलेले पुण्यातील संग्रहालय पाहिल्यावर, कोणत्या घडणीला भोक पाडणे हा अपराध ठरेल याची जाण आपोआप येते. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत ज्याला मठारकाम म्हणतात, म्हणजे गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने शेजारी शेजारी एकसारखे ठोके देऊन तांब्याला बळकटी आणि चमक आणणे, ते हाताचे काम ज्या भांड्यावर दिसते ते घासून सपाट करणे, किंवा त्याला रंग देणे, हा निव्वळ अडाणीपणा आहे. संपूर्ण संच, तळाशी कारखान्याचा शिक्का असलेली जुनी पोर्सलेनची भांडी आणि नाव घातलेली आहेराची भांडी जशी आहेत तशी वापरावीत. नावावर पॉलिशचे यंत्र फिरवू देऊ नये, दुकानदार विचारल्याशिवाय फिरवतो, तेव्हा भांडे देतानाच बजावून सांगावे.

पुस्तकाच्या पुढील प्रकरणांत साहित्य, हत्यारे आणि कृती क्रमाने दिल्या आहेत, आणि त्या वाचून लगेच कामाला लागण्याचा मोह होईल. वाचकाला विनंती एवढीच की, पहिले भोक आवडत्या बशीला पाडू नये. आधी चिरा गेलेल्या तीन बशांवर हात बसवावा, आणि त्यांतील दोन तरी फुटतील हे धरून चालावे.